राजांगणाच्या घरातले मेश वाय-फाय: फोन जुना नोड का सोडत नव्हता

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले आमचे घर जुन्या पद्धतीचे आहे. मधोमध राजांगण, त्याच्या चारही बाजूंनी खोल्या, मागे स्वयंपाकघर, एका अंगाला माडी आणि या सगळ्यांच्या मध्ये चिऱ्यांच्या जाड भिंती. फायबरची जोडणी रस्त्याच्या बाजूने ओटीवर येते. एकच राऊटर होता तोवर स्वयंपाकघरात आणि माडीवर जवळजवळ काहीच पोहोचत नसे, म्हणून आम्ही तीन नोडांचा मेश संच घेतला, म्हणजे एकमेकांशी जोडलेले आणि मिळून एकच वाय-फाय घरभर पसरवणारे तीन डबे. एक नोड ओटीवर ठेवला, दुसरा स्वयंपाकघरालगतच्या खोलीत आणि तिसरा माडीवर. घराच्या कोणत्याही कोपऱ्यात उभे राहून वेग तपासला तर तो समाधानकारक येई. तक्रारी सुरू झाल्या त्या माणूस चालू लागल्यावर. ओटीवर सुरू केलेला व्हिडिओ कॉल स्वयंपाकघरापर्यंत धड पोहोचत नसे, आणि माडीवर चढताना तर तो हमखास तुटे. घरात मोबाइलची रेंज अगदी कमी असल्यामुळे साधे फोनही आम्ही वाय-फाय कॉलिंगवरच घेतो, त्यामुळे ही अडचण केवळ करमणुकीपुरती नव्हती.

घरभर सिग्नल असणे आणि एका नोडवरून दुसऱ्यावर सुरळीत जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या शोधाच्या अगदी सुरुवातीलाच लक्षात आले. संच विकताना पहिल्या गोष्टीचेच कौतुक सांगितले जाते. दुसरी गोष्ट, म्हणजे रोमिंग, घराची रचना, नोडांच्या जागा आणि मुख्यतः हातातले उपकरण यांवर अवलंबून असते. पुष्कळांची अशी समजूत असते की मेशचा मुख्य नोड फोनला उचलून दुसऱ्या नोडच्या स्वाधीन करतो. प्रत्यक्षात कोणत्या नोडला धरायचे आणि तो केव्हा सोडायचा, हा निर्णय फोन किंवा लॅपटॉप स्वतः घेतो. नोड फार तर सुचवू शकतो किंवा टोकाला जाऊन जोडणी तोडू शकतो. ही एक गोष्ट मनात पक्की झाल्यावर मी सेटिंगांच्या पानावरून उठलो आणि फोन हातात घेऊन घरभर फिरू लागलो.

त्याआधी मी घरच्यांना आपापली तक्रार नेमक्या शब्दांत सांगायला लावली, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. आईचे म्हणणे असे की, ती पुण्याच्या ताईशी बोलत स्वयंपाकघरात गेली की चित्र आधी अंधूक होते आणि मग देवघराच्या बोळात शिरल्यावर कॉल थांबतो. वहिनीचे म्हणणे निराळे होते: कॉल तुटत नाही, फोनवर वाय-फायच्या रेषा पूर्ण दिसतात, पण काहीच उघडत नाही, वाय-फाय बंद करून पुन्हा चालू केले की सगळे ठीक होते. माडीवर बसून काम करणाऱ्या दादाची तक्रार ही की, वीज जाऊन आली की त्या दिवशी माडीवरचा वेग अगदी पडतो. तिघेही “वाय-फाय नीट चालत नाही” असेच म्हणत होते, परंतु लक्षणे तीन प्रकारची होती, आणि शेवटी कारणेही तीन निघाली.

पहिले काम म्हणजे कोणते उपकरण कोणत्या क्षणी कोणत्या नोडला जोडलेले आहे हे कळणे. तिन्ही नोड एकाच नावाने प्रक्षेपण करतात, त्यामुळे नावावरून काही समजत नाही. मात्र प्रत्येक नोडचा आणि त्यातल्या प्रत्येक बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यांचा) बीएसएसआयडी, म्हणजे बारा अंक-अक्षरांचा पत्ता, वेगळा असतो. नोडच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलावरचा पत्ता आणि प्रत्यक्ष प्रक्षेपित होणारा पत्ता यांत बहुधा अंक-अक्षरांच्या एखाद्या जोडीचा फरक असतो, म्हणून लेबलावर विसंबून न राहता मी प्रत्येक नोडच्या अगदी शेजारी उभा राहून तो वाचला आणि कागदावर उतरवून घेतला. अँड्रॉइड फोनवर हे दाखवणारी विनामूल्य अ‍ॅप्स मिळतात. आयफोनवर अ‍ॅपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी या अ‍ॅपमधला वाय-फाय स्कॅनर चालतो, पण तो आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या नोडचा बीएसएसआयडी आणि सिग्नलची टक्केवारी समोर येते. मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर टिचकी मारली तरी हे सारे दिसते.

सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजण्याच्या एककात, आणि उणे असतो, त्यामुळे शून्याच्या जवळचा आकडा चांगला. उणे ४५ म्हणजे नोड शेजारीच आहे, उणे ६७ पर्यंत आवाजाचे कॉल व्यवस्थित चालतात, आणि उणे ८० च्या खाली बहुतेक गोष्टी अडखळतात. हे प्रमाण लॉगरिदमिक आहे: ३ डीबीचा फरक म्हणजे शक्ती निम्मी किंवा दुप्पट, १० डीबीचा फरक म्हणजे दहापट, २० डीबीचा म्हणजे शंभरपट. रेषा मोजून यातले काहीच कळत नाही, कारण किती डीबीएमला किती रेषा दाखवायच्या हे प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने ठरवतो.

वहिनीची तक्रार सर्वांत आधी उलगडली. फोन अडकला की वाय-फाय बंद-चालू करू नये, तसाच आणून द्यावा, असे मी तिला सांगून ठेवले होते. तसा तो आला तेव्हा त्यावरचा बीएसएसआयडी माझ्या कागदावरच्या एकाही पत्त्याशी जुळेना. फोनचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्याने उपकरणाला दिलेला क्रमांक, १९२.१६८.० ने सुरू होत होता, पण तो ज्याला जोडलेला होता त्या जाळ्यात पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे होते. घरात चौथा प्रक्षेपक होता, आणि तो म्हणजे फायबरच्या जोडणीबरोबर आलेला डबा. त्याचे स्वतःचे वाय-फाय चालूच होते. जोडणी करायला आलेल्या तंत्रज्ञाने दोन्ही ठिकाणी एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवला होता, की घरच्यांना दोन नावे लक्षात ठेवायला नकोत. हेतू चांगला होता, पण परिणाम असा होई की, ओटीवरून जाताना फोन मेशच्या नोडवरून त्या डब्यावर उडी मारी आणि नाव तेच असल्यामुळे आपण त्याच जाळ्यात आहोत असे समजून जुनाच आयपी पत्ता धरून बसे. जाळे बदलले, पत्ता बदलला नाही. मग पाठवलेले काही कुठेच पोहोचेना.

यावर उपाय सोपा होता. फायबरच्या डब्याचे पान उघडून त्याचे दोन्ही बँडचे वाय-फाय बंद केले. त्याचबरोबर पत्ते वाटणारी दोन यंत्रे एकामागोमाग एक बसली होती, तीही स्थिती काढून टाकली. मेशला राऊटरऐवजी अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे पत्ते न वाटता नुसते वाय-फाय पसरवणारे यंत्र म्हणून, चालवले आणि पत्ते देण्याचे काम एकट्या फायबरच्या डब्याकडे ठेवले. यात मेशच्या अ‍ॅपमधल्या मुलांसाठीच्या वेळमर्यादेसारख्या काही सोयी जातात. त्यांची गरज असेल तर उलट करून फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकता येतो, म्हणजे तो जोडणी नुसती पुढे देतो आणि पत्ते मेश वाटतो, पण त्यासाठी बहुधा सेवा देणाऱ्यांशी बोलावे लागते. ज्यांच्या घरी “रेषा पूर्ण, पण इंटरनेट नाही” अशी तक्रार आहे, त्यांनी इतर कशालाही हात लावण्यापूर्वी घरात त्याच नावाने प्रक्षेपण करणारे दुसरे काही नाही ना, हे पाहावे असे मी आग्रहाने सांगेन. मागे कधीतरी लावलेला आणि कपाटामागे राहून गेलेला रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे वाढवणारा डबाही, हेच करतो.

आईच्या तक्रारीचे कारण मात्र मला फार विचार करायला लावणारे ठरले, कारण ते आमच्या घराच्या बांधणीतच होते. स्कॅनर सुरू ठेवून मी ओटीवरून निघालो. ओटीवर उणे ४२. राजांगणाच्या कडेने चालत मागच्या बाजूस आलो, तरी आकडा उणे ६५ ते ६८ च्या आसपास रेंगाळत होता, कारण राजांगण उघडे आहे आणि ओटीच्या दारातून त्याच्यावरून सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत दृष्टी पोहोचते. जिथे दृष्टी पोहोचते तिथे ५ गिगाहर्ट्झची लहरही बरीच पोहोचते. त्याच जागी मागच्या नोडचा आकडा उणे ४८ होता, म्हणजे मागचा नोड शंभरपट बलवान होता. फोन तरीही ओटीच्या नोडलाच धरून राहिला. पुढे देवघराच्या बोळात वळलो आणि एक पाऊल चिऱ्याच्या भिंतीआड पडताच आकडा उणे ६८ वरून थेट उणे ८३ वर घसरला. तिथे कॉल तुटला, आणि त्यानंतर थोड्या वेळाने फोन मागच्या नोडवर गेला.

याचा उलगडा अ‍ॅपलने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या माहितीत आहे. आयफोन जोवर सिग्नल उणे ७० डीबीएमपेक्षा चांगला आहे तोवर दुसरा नोड शोधतच नाही. त्याखाली गेल्यावर तो शोध सुरू करतो, आणि माहितीची देवाणघेवाण चालू असेल तर सध्याच्यापेक्षा ८ डीबीने, नसेल तर १२ डीबीने चांगला नोड मिळाला तरच उडी मारतो. आईचा फोन राजांगणाच्या कडेला उणे ६८ वर होता, म्हणजे त्याच्या दृष्टीने सारे ठीकच चालले होते. शेजारी शंभरपट बलवान नोड असल्याचे त्याला कळायला त्याने शोध घ्यायला हवा होता, आणि शोध घेण्याची वेळ आली तेव्हा तो भिंतीआड गेलेला होता. अँड्रॉइडमध्ये ही मर्यादा फोनागणिक बदलते, पण वागण्याची रीत तीच असते. फोनचा यात दोष आहे असे मला वाटत नाही. शोध घेताना फोनला काही क्षण आपला चॅनेल, म्हणजे बँडमधला ठरावीक क्रमांकाचा भाग, सोडून दुसरे चॅनेल ऐकावे लागतात आणि त्यात बॅटरी जाते. त्यामुळे उगीच शोधत न बसण्याचा त्याचा स्वभाव एरवी सोयीचाच असतो.

सर्वसाधारण सल्ला असा असतो की नोड मोकळ्या, मध्यवर्ती, उंच जागी ठेवावा. आमच्या घराला तो लागू पडत नव्हता. मी ओटीचा नोड राजांगणाच्या दारासमोरून हलवून ओटीच्या उजव्या कोपऱ्यात, चिऱ्याच्या खांबाच्या आडोशाला नेला. ओटीवर आणि पुढच्या खोल्यांत सिग्नल पूर्वीसारखाच राहिला, पण राजांगणाच्या मागच्या कडेला त्याचा आकडा उणे ७६ पर्यंत उतरला. आता फोन राजांगणाच्या मध्यावरच उणे ७० ओलांडतो, तिथून त्याला मागचा नोड स्पष्ट ऐकू येतो, आणि भिंतीआड जाण्याआधीच तो बदल करून मोकळा होतो. एका ठिकाणचा सिग्नल मुद्दाम कमी केल्यामुळे घर सुधारले, हे घरातल्यांना पटवणे कठीण गेले. आईने मात्र ताईला फोन लावला, बोलत बोलत देवघराच्या बोळातून परसात गेली आणि परत आली. त्यानंतर कोणी शंका काढली नाही.

ज्यांच्या संचात प्रक्षेपणाची शक्ती कमी-जास्त करण्याची सोय आहे त्यांना नोड न हलवताही हे साधता येईल. आमच्या संचात ती नाही. शक्तीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नोड मोठ्याने बोलतो आणि फोन हळू. देवळातला लाऊडस्पीकर आपल्याला घरात ऐकू येतो म्हणून आपले बोलणे देवळात ऐकू जात नाही, तशीच ही स्थिती आहे. त्यामुळे फोनवर दिसणारा आकडा बरा असला, तरी नोडला फोन कितपत ऐकू येतो आहे हे त्यावरून कळत नाही. मेशच्या अ‍ॅपमध्ये उपकरणाच्या नावापुढे जो आकडा दिसतो तो नोडच्या बाजूचा असतो, आणि तो पुष्कळदा फोनवरच्या आकड्यापेक्षा वाईट निघतो.

आता सेटिंगांविषयी. रोमिंगचा विषय निघाला की ८०२.११के, ८०२.११व्ही आणि ८०२.११आर ही वाय-फायच्या मानकांची तीन नावे लगेच पुढे येतात. ‘के’मुळे नोड उपकरणाला शेजारच्या नोडांची यादी देतो, त्यामुळे सगळे चॅनेल धुंडाळत बसावे लागत नाही. ‘व्ही’मुळे नोड उपकरणाला “तू अमुक नोडवर जा” असे सुचवू शकतो, आणि उपकरण ती सूचना नाकारूही शकते. ‘आर’मुळे नव्या नोडवर जाताना ओळख पटवण्याची प्रक्रिया आटोपशीर होते. घरगुती संचांच्या अ‍ॅपमध्ये ‘फास्ट रोमिंग’ असे बटण असते ते बहुधा ‘आर’चे. या बटणावर फार भरवसा ठेवला जातो असे मला वाटते. ‘आर’चा खरा फायदा मोठ्या कार्यालयांत होतो, जिथे दर वेळी ओळख पटवण्यासाठी वेगळ्या सर्व्हरला विचारावे लागते. घरी पासवर्डावर चालणाऱ्या जाळ्यात ती प्रक्रिया मुळातच चार संदेशांची असते आणि चटकन उरकते. उलट आमच्याकडे ‘आर’ चालू करताच जुना प्रिंटर आणि भाच्याचा जुना टॅबलेट जाळ्यात येईनासे झाले. म्हणून ‘के’ आणि ‘व्ही’ चालू, ‘आर’ बंद, अशी मांडणी ठेवली, आणि कॉलमध्ये त्याचा काही तोटा जाणवला नाही.

राहिली दादाची तक्रार. माडीवरच्या नोडचा सिग्नल उत्तम, दादाचा लॅपटॉप त्यालाच जोडलेला, आणि तरीही वेग नाही, म्हणजे अडचण लॅपटॉप आणि नोड यांच्यामध्ये नसून नोड आणि पुढच्या नोडमध्ये, ज्याला बॅकहॉल म्हणतात तिथे, असणार हे उघड होते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाणे-येणे चालूच असते. वीज आली की तिन्ही नोड एकदम सुरू होतात आणि माडीवरचा नोड त्याला जो आधी सापडेल त्याला धरतो. कधी तो ओटीचा असे, कधी स्वयंपाकघराजवळचा. दुसऱ्या स्थितीत माडीवरची माहिती आधी मागच्या नोडकडे, तिथून ओटीकडे असा दोन टप्प्यांचा बिनतारी प्रवास करी. ज्या रेडिओवर उपकरणे बोलतात त्याच रेडिओवर बॅकहॉलही असेल, तर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. त्यात पावसाळ्यात ओल धरलेल्या चिऱ्यांतून सिग्नल उन्हाळ्यापेक्षा कमी जातो, हेही मला त्याच जागी घेतलेल्या आकड्यांत दिसले.

यावर सेटिंगने काही होण्यासारखे नव्हते, म्हणून केबल टाकायची ठरवले. विजेचे काम करणारा गावातलाच कारागीर बोलावला. चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडताना ड्रिलला फारसा त्रास होत नाही, पण भुसा सतत पडतो आणि भोक मोठे होत जाते, म्हणून त्याने शक्य तिथे भिंत न फोडता जुन्या विजेच्या वायरी जिथून माळ्यावर गेल्या होत्या त्याच वाटेने, पण त्यांच्यापासून अंतर ठेवून, वेगळ्या पीव्हीसी पाइपातून कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबल नेली. केबल बाहेरून कौलांच्या कडेने नेणे सोपे होते. पण आमच्याकडे पावसाच्या तोंडाला आणि पाऊस सरताना विजा फार कडाडतात, आणि घराबाहेरून गेलेल्या तांब्याच्या तारेतून येणारा धक्का दोन्ही टोकांची यंत्रे जाळू शकतो, म्हणून ती आतूनच न्यायची यावर मी ठाम राहिलो. अंतराची चिंता नव्हती, कारण अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. टोके बसवून झाल्यावर कारागिराने टेस्टरवर आठही तारांचे दिवे क्रमाने लागल्याचे मला दाखवले, आणि ते पाहिल्याशिवाय मी पाइप बंद करू दिले नाहीत. आठांपैकी चारच तारा जुळल्या तरी जोडणी चालते, पण तिचा वेग १००० ऐवजी १०० मेगाबिटवर अडकतो, आणि नंतर ते शोधणे जिकिरीचे होते.

केबल आल्यावर आणखी एक गोष्ट जमली. बिनतारी बॅकहॉल असताना आमचे तिन्ही नोड ५ गिगाहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर होते, आता माडीवरच्या नोडला वेगळा देता आला. ओटीवर ३६ ते ४८ चा गट ठेवला आणि माडीवर १४९ ते १६१ चा. मधले ५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनेल मी टाळले. तिथे रडारला प्राधान्य असते, त्यामुळे नोडला सुरू होताना किमान एक मिनिट नुसते ऐकावे लागते, आणि फोनही तिथे स्वतःहून हाक मारत नाही, नोडच्या संकेताची वाट पाहतो. तो संकेत सेकंदाला सुमारे दहा वेळा येतो, म्हणजे असे प्रत्येक चॅनेल तपासायला फोनला निदान दशांश सेकंद थांबावे लागते. चालत्या कॉलमध्ये हा वेळ जाणवतो. २.४ गिगाहर्ट्झला १, ६ आणि ११ हे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीन नोडांना वाटून दिले.

ओटीवरचा नोड आणि फायबरचा डबा आता छोट्या यूपीएसवर आहेत, त्यामुळे वीज जाऊन आली तरी मुख्य नोड जागाच असतो आणि इतर नोड त्यालाच येऊन मिळतात. दादाच्या लॅपटॉपमधल्या इंटेलच्या वाय-फाय कार्डाला डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ नावाची पाच पायऱ्यांची सेटिंग मिळाली. ती मधल्या पायरीवर होती, ती एकाने वाढवली. शेवटच्या पायरीवर नेली तेव्हा लॅपटॉप टेबलावर स्थिर असतानाही दोन नोडांमध्ये हेलकावे घेऊ लागला, म्हणून तिथून मागे आणली.

परसातल्या विहिरीपाशी अजून सिग्नल अपुरा आहे आणि तिथे जाताना कॉल तुटतो. तिथे फोनला उडी मारायला दुसरा नोडच नाही, तेव्हा हा रोमिंगचा प्रश्न नव्हे. पाऊस सरला की मागच्या नोडपासून पडवीपर्यंत आणखी एक केबल न्यायची आणि तिथे पाण्यापासून सुरक्षित असा चौथा नोड बसवायचा विचार आहे. त्याची जागाही आधी स्कॅनर घेऊन फिरून, विहिरीच्या वाटेवर फोन नेमका कुठे उणे ७० ओलांडतो ते पाहूनच ठरवीन.